पूर आराखड्यात यादीबरोबर जाळेही मांडा: कोल्हापूर जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, कोल्हापूर

विषय: जिल्हा आराखड्यात व्यवस्थांच्या परस्परावलंबनाचा नकाशा समाविष्ट करण्याबाबत

सविनय नमस्कार.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ३१ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्याला आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा असावा लागतो आणि दरवर्षी त्याचा फेरआढावा घेऊन तो अद्ययावत करावा लागतो. पुढच्या फेरआढाव्यात आराखड्याच्या रचनेतच एक भर घालावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी कोल्हापूरचा रहिवासी आहे आणि नियंत्रण प्रणाली हा विषय अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवण्यात माझी सारी नोकरी झाली. यंत्राचे नियंत्रण वेगळे आणि माणसांनी भरलेल्या जिल्ह्याचे नियंत्रण वेगळे, याची मला पूर्ण जाणीव आहे. तरीही २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत आपल्याला जे भोगावे लागले, त्यातला मोठा भाग पाण्याच्या उंचीमुळे नव्हता, तर एकमेकींवर विसंबलेल्या व्यवस्था एकीमागून एक बंद पडत गेल्यामुळे होता, असे माझे ठाम मत आहे. आणि अशा साखळ्यांचा अभ्यास करण्याच्या पद्धती आज उपलब्ध आहेत.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि जुलै २०२१ मध्ये ५६ फुटांच्याही वर. हे आकडे कोल्हापूरकरांना तोंडपाठ आहेत. मात्र त्या दिवसांत कोणती गोष्ट कशामुळे थांबली, हे कोणत्याही एका कागदावर सलग लिहिलेले मला आढळलेले नाही. शिंगणापूर, बालिंगा आणि नागदेववाडी येथील उपसा केंद्रे पाण्याखाली गेली आणि चहूबाजूंनी पाण्याने वेढलेल्या शहराला प्यायचे पाणी मिळेनासे झाले. ज्या वसाहती उंचावर आहेत, ज्यांच्या दारात पुराचा थेंबही आला नव्हता, त्यांच्याही टाक्या कोरड्या पडल्या. वीज उपकेंद्रांत पाणी शिरल्यामुळे किंवा शिरेल या भीतीने वीजपुरवठा बंद ठेवावा लागला, आणि मग जिथे पाणी होते तिथेही ते वर चढवता येईना. टँकर हा पर्याय होता. पण टँकरला डिझेल लागते, डिझेल जिल्ह्याबाहेरून रस्त्याने येते, आणि २०१९ मध्ये पुणे–बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ जवळजवळ आठवडाभर पाण्याखाली होता. पेट्रोल पंपांवरचा उरलेला साठा अत्यावश्यक वाहनांसाठी राखून ठेवावा लागला. मोबाईलच्या मनोऱ्यांनाही वीज नसली की जनित्र आणि जनित्राला पुन्हा डिझेलच लागते. रस्ते तुटल्याने दूध संकलन थांबले. त्यामुळे कोरड्या गावांत दूध होते आणि ते न्यायला वाट नव्हती, तर शहरात पिशवीभर दुधासाठी माणसे फिरत होती.

आराखड्यात काय असते? पूरबाधित गावांची यादी, बोटींची यादी, निवारा केंद्रांची यादी, अधिकाऱ्यांचे दूरध्वनी क्रमांक, प्रत्येक विभागाची कर्तव्ये. या याद्या आवश्यक आहेत आणि त्या तयार करणाऱ्यांचे कष्ट मी कमी लेखत नाही. परंतु यादी आपल्याला काय आहे एवढेच सांगते. काय कशावर उभे आहे, हे यादीत दिसत नाही. पाणीपुरवठा विभागाच्या पानावर पंप असतात, महावितरणच्या पानावर उपकेंद्रे असतात, सार्वजनिक बांधकाम विभागाच्या पानावर रस्ते असतात; आणि पंप, उपकेंद्र व रस्ता यांना जोडणारी रेषा कोणाच्याच पानावर नसते. महापूर नेमका त्या रेषांवरून पसरतो.

जाळ्यांच्या शास्त्राने गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जे शिकवले, त्यातला सर्वांत उपयोगी धडा मला हाच वाटतो. २८ सप्टेंबर २००३ रोजी स्वित्झर्लंडमधील एका उच्चदाब वाहिनीवर झाडामुळे दोष निर्माण झाला आणि पुढच्या घटनाक्रमात सार्डिनिया बेट सोडून जवळजवळ सारी इटली अंधारात गेली. या घटनेपासून प्रेरणा घेऊन २०१० मध्ये सर्गेई बुल्दिरेव, श्लोमो हाव्हलिन आणि सहकाऱ्यांनी एक गणिती मांडणी केली. वीजजाळे चालवायला संदेशजाळे लागते आणि संदेशजाळ्याला वीज लागते, अशी दोन जाळी एकमेकांवर अवलंबून असतील तर काय होते, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर असे मिळाले की एकटे जाळे हळूहळू विरत जाते, पण परस्परावलंबी जाळी एका मर्यादेपर्यंत तग धरतात आणि ती मर्यादा ओलांडताच एकदम कोसळतात. आपल्या देशातही ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तरेकडील आणि मग पूर्वेकडील वीजजाळी कोसळली, साठ कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशातली वीज गेली, रेल्वेगाड्या जागच्या जागी थांबल्या आणि पूर्व भारतातील कोळसा खाणींत कामगार अडकून पडले. बिना–ग्वाल्हेर ही वाहिनी बंद पडण्यापासून सुरू झालेली गोष्ट खाणीच्या तळापर्यंत पोहोचली. कोल्हापुरात ४३ फुटांपर्यंत सगळे बऱ्यापैकी चालू असते आणि त्यानंतर काही फुटांच्या अंतरात एकाच वेळी वीज, पाणी, रस्ता आणि फोन जातो. हा अनुभव त्या गणिताशी जुळणारा आहे. अशा वेळी प्रत्येक विभागाने आपापली क्षमता थोडीथोडी वाढवून भागत नाही. काही रेषा जाणीवपूर्वक तोडाव्या लागतात, म्हणजे एक बंद पडले तर दुसरे त्याच्यासोबत जाणार नाही.

त्यासाठी आधी रेषा माहीत हव्यात. माझी पहिली विनंती त्याविषयी आहे. प्रत्येक विभागाला, प्रत्येक मोठ्या रुग्णालयाला, दूध संघाला, मोबाईल कंपनीला आणि पूरपट्ट्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीला तीन प्रश्न लेखी विचारावेत: तुमचे काम चालू राहायला दुसऱ्या कोणाकडून काय लागते, ते मिळणे थांबले तर तुम्ही किती तास तग धरता, आणि तुम्ही थांबलात तर कोणाचे काम थांबते? पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी ताडून पाहिली की बरेच काही उघड होईल. एखादे रुग्णालय म्हणेल की आमची वीज अमुक उपकेंद्रावर आहे, आणि त्या उपकेंद्राच्या उत्तरात त्या रुग्णालयाचे नावच नसेल. अशी प्रत्येक विसंगती म्हणजे पुढच्या महापुरातली एक अडचण आजच सापडल्यासारखी आहे. तासांचा प्रश्न तर फारच महत्त्वाचा आहे, कारण व्यवस्था एका क्षणी बंद पडत नाहीत. बॅटरी काही तास चालते, टाकीतले पाणी एखादा दिवस पुरते, डिझेल दोन दिवस. हे तास नकाशावर लिहिले की पाणी चढायला लागल्यावर कोणत्या वेळी काय कोसळणार आहे, याचा अंदाज आधी बांधता येतो.

या नकाशात केवळ यंत्रे आणि इमारती नसाव्यात, असेही मला आग्रहाने सांगायचे आहे. चिखली, आंबेवाडी आणि शिरोळ तालुक्यातील नदीकाठच्या गावांत माणसे वेळेवर घर सोडत नाहीत, याचा दोष नेहमी त्यांच्या बेफिकिरीला दिला जातो. पण गोठ्यात चार म्हशी बांधलेल्या असताना त्या तशाच सोडून निवारा केंद्रात कोण जाईल? त्या कुटुंबाचे स्थलांतर जनावरांच्या छावणीवर अवलंबून आहे, छावणी चाऱ्यावर आणि चारा वाहतुकीवर. म्हणजे माणसांचा जीव वाचवण्याच्या कामातली पहिली कडी पशुसंवर्धन विभागाकडे आहे. हे गावातल्या पोलीस पाटलाला आणि तलाठ्याला पक्के ठाऊक असते, फक्त आराखड्याच्या कागदावर ती रेषा ओढलेली नसते. जनावरे हलवण्याचा आदेश माणसे हलवण्याच्या आदेशाच्या आधी निघाला पाहिजे, आणि तो इशारा पातळीच्या खालीच निघाला पाहिजे.

आता नियंत्रणाकडे येतो. एखादी प्रणाली हव्या त्या स्थितीकडे नेता येईल का, हा प्रश्न रुडॉल्फ कालमन यांनी १९६० च्या सुमारास गणिताच्या चौकटीत बसवला. २०११ मध्ये यांग-यू लिऊ, जाँ-जाक स्लॉटिन आणि आल्बर्ट-लास्लो बाराबाशी यांनी तोच प्रश्न मोठ्या जाळ्यांना लावला: सगळे जाळे वळवायचे तर किती आणि कोणत्या गाठी, म्हणजे दुवे जिथे एकत्र येतात ते बिंदू, हातात असाव्या लागतात? त्यांना असे आढळले की ज्या गाठींना सर्वाधिक दुवे असतात त्या बहुधा वळवण्याच्या गाठी नसतात. या निष्कर्षावर पुढे आक्षेपही आले, कारण त्यांची मांडणी सरळ रेषेतल्या संबंधांची, म्हणजे कारण जेवढे वाढेल त्याच प्रमाणात परिणाम वाढेल असे धरणारी, होती आणि प्रत्येक गाठीची स्वतःची चाल तीत पुरेशी धरलेली नव्हती. नदीला तर उंबरठे असतात. एक फूट चढेपर्यंत काहीच नाही आणि पुढच्या फुटाला रस्ता बंद. म्हणून ते गणित जसेच्या तसे पंचगंगेला लावा, असे मी म्हणणार नाही. पण जिथे सर्वांचे लक्ष आहे तिथे आपला हात पोहोचतो का, हा त्यातला प्रश्न आपल्यासाठी मोलाचा आहे.

राधानगरी धरण हे त्याचे ठळक उदाहरण आहे. छत्रपती शाहू महाराजांनी या धरणाची मुहूर्तमेढ रोवली, त्याविषयी प्रत्येक कोल्हापूरकराप्रमाणे माझ्याही मनात कृतज्ञता आहे. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरले की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की आपोआप मिटतात; एका दरवाजातून सेकंदाला १४२८ घनफूट पाणी बाहेर पडते. पावसाळ्यात सहा नंबरचा दरवाजा उघडल्याची बातमी आली की सगळा जिल्हा चिंतेत पडतो. मात्र त्या क्षणी ते दरवाजे कोणाच्याही हातात नसतात. ज्याला आपण नियंत्रणाचे केंद्र समजतो, तिथे नियंत्रण संपलेले असते. हात पोहोचतो तो त्याआधी: जुलैच्या सुरुवातीला धरण किती भरू द्यायचे, वीजगृहातून किती पाणी किती दिवस सोडत राहायचे, म्हणजे मोठा पाऊस येईल तेव्हा धरणात जागा शिल्लक असेल. हा निर्णय कोरड्या आकाशाखाली घ्यावा लागतो, आणि पुढे पाऊस कमी पडला तर धरण भरले नाही म्हणून टीका सोसावी लागते. शेतीला आणि पिण्याला लागणारे पाणी आणि पुरासाठी राखायची जागा यांतला हा ताण खरा आहे. म्हणूनच तो निर्णय एका अभियंत्याच्या खांद्यावर न टाकता प्राधिकरणाने लेखी नियमात बांधून स्वतःच्या जबाबदारीवर घ्यावा.

यात अतिविश्वासही नको. राधानगरी, तुळशी, कुंभी आणि कासारी या पंचगंगा खोऱ्यातल्या चार प्रमुख धरणांची क्षमता मिळून साधारण १७ टीएमसी (अब्ज घनफूट) भरते. शेजारी कोयना एकटे १०५ टीएमसीचे आहे आणि कृष्णेवरचे कर्नाटकातले अलमट्टी १२३ टीएमसीचे. धरणांच्या खाली, मुक्त पाणलोटात, पडणारा पाऊस तर कोणाच्याच हातात नाही. शिवाय पंचगंगेचे पाणी नृसिंहवाडीला कृष्णेत उतरते, आणि कृष्णाच फुगलेली असेल तर ते उतरू शकत नाही. मग साताऱ्यात कोयनेतून किती पाणी सुटले, हरिपूरला वारणा किती घेऊन आली, याचा परिणाम शिरोळ तालुक्यातल्या घरांवर होतो आणि फुगवटा वर सरकत येतो. अलमट्टीत अडवलेल्या पाण्यामुळे आपल्याकडचा पूर वाढतो का, यावरून दर पावसाळ्यात वाद पेटतो. २०१९ नंतर राज्य शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीने महापुराचे खापर अलमट्टीवर फोडले नाही. अनेक कार्यकर्त्यांना आणि अभ्यासकांना ते मान्य नाही. हा वाद निकाली काढण्याचा माझा अधिकार नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की जिथे अनेक कारणे एकमेकांना बळ देतात, तिथे एकच गुन्हेगार शोधत राहिल्याने बाकीच्या कारणांना मोकळीक मिळते. जून २०२१ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यात पाणी सोडण्याच्या समन्वयासाठी मंत्री पातळीवर बैठक झाली, ते योग्यच होते. तरीही पुढच्याच महिन्यात पंचगंगेने २०१९ ची रेषा ओलांडली, कारण थोड्या तासांत प्रचंड पाऊस पडला. समन्वय हवाच, पण तो जाळ्यातला एक दुवा आहे.

जे वळवता येत नाही ते निदान वेळेवर दिसावे. आज सगळ्यांचे डोळे राजाराम बंधाऱ्यावरच्या एका आकड्याकडे लागलेले असतात. त्या आकड्यात कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी आधीच मिसळून गेलेले असते. त्यातले कोणाचे किती आणि मागून अजून किती येते आहे, हे त्यावरून कळत नाही. प्रयाग चिखलीच्या संगमाच्या वर, प्रत्येक उपनदीवर तासातासाची पातळी मोजली जावी आणि ती विभागांप्रमाणेच लोकांनाही त्याच वेळी दिसावी.

रस्त्याच्या बाबतीत एक गुंता आहे, तो लक्षात आणून देणे माझे कर्तव्य समजतो. महामार्गाचा उंच भराव वाहतुकीच्या जाळ्यात दुवा आहे, तर पाण्याच्या जाळ्यात तोच भराव अडसर आहे. महामार्ग बंद पडू नये म्हणून तो आणखी उंच भरावावर चढवला, तर वाहने चालतील आणि पाणी मागे साठेल. पूरपट्ट्यात भरावाऐवजी खांबांवरचा पूल व्हावा, ही नागरिकांची मागणी त्यामुळे केवळ सोयीची नाही. कोणत्याही मोठ्या बांधकामाला संमती देण्यापूर्वी दोन्ही जाळ्यांवर त्याचा परिणाम काय होईल, हे तपासल्याचा लेखी पुरावा प्राधिकरणाने मागावा.

थेट पाईपलाईनचेही तसेच आहे. २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचे पाणी या वाहिनीने शहराच्या पुईखडी जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत आले आणि नदीकाठच्या उपसा केंद्रांवरचे शहराचे अवलंबित्व कमी झाले. पुराच्या दृष्टीने ही मोठी उपलब्धी आहे. मात्र आता पन्नासहून अधिक किलोमीटर लांबीची एक वाहिनी आणि तिच्या पंपांना पुरवली जाणारी वीज, या दोन गोष्टींवर शहर विसंबले आहे. नवा दुवा मिळाला म्हणून जुने दुवे गंजू देऊ नयेत. बालिंगा आणि शिंगणापूरची केंद्रे चालू स्थितीत राहिली आणि त्यांची विद्युत यंत्रणा २०२१ च्या पूररेषेच्या वर उचलली गेली, तर एक वाट बंद झाल्यावर दुसरी उघडी राहील.

आणखी एका जाळ्याची नोंद आराखड्यात मला हवी आहे. दोन्ही महापुरांत पेठांतल्या तालमींच्या आणि तरुण मंडळांच्या मुलांनी माणसे बाहेर काढली, जेवण पोहोचवले, औषधे नेली. कोणत्या गल्लीत कोणती आजी एकटी राहते, कोणाच्या घरी डायलिसिसचा रुग्ण आहे, कोणाकडे ट्रॅक्टर आहे, हे त्यांना माहीत असते. सरकारी यंत्रणेला जे दुवे उभे करायला आठवडा लागतो, ते इथे पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले आहेत. त्यांना मदतीला बोलवायचे स्वयंसेवक न समजता प्रत्येक तालमीतील दोन-तीन जणांना वर्षभर आधी प्रशिक्षण, जीवरक्षक जॅकेट, बिनतारी संच आणि एका ठरावीक अधिकाऱ्याशी थेट संपर्क द्यावा.

शेवटची विनंती सरावाविषयी आहे. दरवर्षी बोटींचे प्रात्यक्षिक होते, ते व्हावेच. त्याखेरीज मे महिन्यात सर्व विभागांनी एका टेबलाभोवती बसावे, वर सांगितलेला नकाशा समोर ठेवावा आणि अध्यक्षांनी त्यातली एकच गाठ कागदावर बंद करावी. समजा एक उपकेंद्र गेले. किंवा शिवाजी पूल आणि शिरोली फाटा दोन्ही बंद झाले. मग प्रत्येकाने तास मोजत सांगावे की आपले काम केव्हा थांबेल आणि कोणाकडून काय लागेल. असे चार-पाच प्रसंग पाहिले की कोणत्या रेषा आधी तोडायच्या, कुठे राखीव डिझेल ठेवायचे आणि कोणते रोहित्र उचलायचे, याचा क्रम लागेल, आणि तो क्रम ज्याचा आवाज मोठा त्याच्या मागणीवरून न लागता गरजेवरून लागेल. कृष्णा खोऱ्यातील पूरनियंत्रणासाठी जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्यात मोठे काम उभे राहत आहे. तो पैसा कुठे लावायचा हे ठरवतानाही हा क्रम हाताशी असावा. गणिताचे काम अवघड नाही. शिवाजी विद्यापीठ आणि जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालये ते करू शकतील, आणि माझ्यासारखे निवृत्त शिक्षक विनामूल्य वेळ देतील.

सुरक्षेच्या दृष्टीने जो भाग गोपनीय ठेवणे आवश्यक आहे तो वगळून हा नकाशा जिल्ह्याच्या संकेतस्थळावर मराठीत ठेवावा आणि ३१ मेपर्यंत प्रत्येक पूरबाधित ग्रामपंचायतीच्या व प्रभागाच्या कार्यालयात त्याची छापील प्रत लावावी. या पत्राची प्रत जिल्हा परिषदेला, महापालिका आयुक्तांना आणि महावितरणच्या अधीक्षक अभियंत्यांना पाठवत आहे. वर लिहिलेले तीन प्रश्न विचारण्यासाठी लागणारा नमुना मी तयार केला असून, बोलावल्यास तो घेऊन आपल्या कार्यालयात हजर राहीन.

आपला नम्र,
कोल्हापूरचा एक नागरिक व निवृत्त शिक्षक